जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकारचे अपील!

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलै महिन्याच्या आरंभी केंद्र सरकारचे सुमारे ३०० अर्ज एकाच निकालाने फेटाळून लावले. अर्जदार होते भारत सरकार, आणि ज्यांच्याविरुद्ध हे अर्ज करण्यात आले होते ते होते याच भारताचे निवृत्त सैनिक. लष्करी नोकरीत असताना जडलेल्या व्याधींनी या माणसांना अधू केले. त्याबद्दल नियमाने मिळणारे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन त्यांनी मागितले. सरकारने ते नाकारले. सैनिकांनी दाद मागितली आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाने ते देण्याचा हुकूम सरकारला केला. कोणत्याही सभ्य राज्यात प्रकरण येथे मिटले असते. आमच्याकडे हरलेला पक्ष जेव्हा खुद्द सरकार असतो तेव्हा प्रकरण मिटत नाही; ते जिना चढून वरच्या मजल्यावर जाते, आणि अधू झालेल्या माणसाला त्याच्यामागोमाग तो जिना चढावा लागतो!

न्यायालयीन बातम्यांच्या गर्दीत अशी बातमी सहज विरून जाते. परंतु ज्या सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीला, महार रेजिमेंटला आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सना पिढ्यान्‌पिढ्या जवान पुरविले, त्या जिल्ह्यांत ही घरची बातमी आहे. साताऱ्याजवळच्या ज्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला, त्या गावाला पहिल्या महायुद्धापासून सैनिकी पेशाची परंपरा आहे. अशा गावांत निवृत्तिवेतनाचा कागद हा घराण्याच्या मानाचा कागद समजला जातो. तोच कागद नकाराचा शिक्का घेऊन परत येतो, तेव्हा पैशांहून अधिक काहीतरी हिरावले जाते.

अपंग जवान म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रणांगणावर गोळी लागलेला वीर उभा राहतो. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जबर जखमी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. (सरकारला त्यांची ‘पद्मश्री’साठी आठवण २०१८ साली झाली, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.) अशा रणजखमांविषयी फारसा वाद नसतो, शत्रूच्या गोळीला पुरावा मागण्याचे धाडस कोणी करीत नाही. कज्जे माजले आहेत ते गोळीवाचून आलेल्या अपंगत्वाचे. कोणाला बर्फात पहारा करता करता फेफऱ्याचे झटके येऊ लागलेले असतात. कोणाचा पाठीचा कणा ओझ्याखाली कामातून गेलेला असतो. कोणाचे हृदय, कोणाचा रक्तदाब, कोणाचे मन. या माणसांच्या अंगावर दाखविण्यासारखी जखम नसते, आणि म्हणूनच कारकुनी लेखणीला त्यांच्या दाव्यावर फुली मारणे सोपे जाते.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन नियमांनी दोन अटी घातल्या होत्या. अपंगत्व किमान २० टक्के असावे, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले तरी असावे किंवा लष्करी सेवेमुळे बळावलेले तरी असावे. ‘तरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. व्याधीचे मूळ सेवेत नसले, पण सेवेच्या कष्टांनी ती वाढली असली, तरीही हक्क शाबूत राहतो. पुढे १९८२ साली झालेल्या नियमांनी तर सैनिकाला उघड झुकते माप दिले. भरतीच्या वेळी जवानाच्या वैद्यकीय कागदांत एखाद्या रोगाची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असे गृहीत धरावे. नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानावे. हक्क सिद्ध करण्याचा बोजा जवानावर टाकू नये. आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यावा. हा रोग भरतीच्या तपासणीत उघडकीस येण्याजोगाच नव्हता, असे डॉक्टरांचे मत असेल तर त्यांनी त्याची कारणे लिहावीत. नियम इतके स्वच्छ आहेत की त्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

प्रत्यक्षात काय घडते? निवृत्तीच्या वा मुदतीपूर्वी घरी पाठविण्याच्या वेळी वैद्यकीय मंडळ बसते. ते छापील तक्त्याच्या रकान्यांत रोगाचे नाव लिहिते, टक्केवारी लिहिते आणि त्यापुढे एक ठरीव वाक्य लिहून टाकते: लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही, लष्करी सेवेमुळे बळावलेलेही नाही. का नाही? त्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते की हा प्रकृतीचा दोष आहे, किंवा हा रोग शांततेच्या ठाण्यावर असताना झाला. या एका वाक्यावर पलटणीचे अभिलेख कार्यालय दावा फेटाळते. ज्या मुलाला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी धाववून, वाकवून, डोळे-कान-छाती तपासून शेकडोंतून निवडून घेतले, त्याच मुलाला पंधरा-वीस वर्षांनी सांगावयाचे, की बाबा रे, तुझा हा आजार तू घरूनच घेऊन आला होतास! गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आमच्या पूर्वजांनी वैद्यावरून केली. येथे तर खुद्द वैद्यच रोग्याला बाहेर काढण्याच्या कामी लावला आहे.

मग अपिलाची पायरी येते. पहिले अपील सहा महिन्यांच्या आत, लष्करी मुख्यालयातील समितीकडे. तेथे नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांच्या आत दुसरे अपील, वरच्या समितीकडे. या दोन्ही समित्या त्याच खात्याच्या, त्यांच्यापुढील कागद तेच, आणि मुख्य आधार त्याच वैद्यकीय मंडळाच्या त्याच वाक्याचा. जवानाला बहुधा समक्ष बोलावले जात नाही. त्याच्या हाती येते ते इंग्रजीतील एक पत्र, आणि त्यात तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलेले असते. ज्या अपिलात पहिला निर्णय कोणी नव्याने तपासतच नाही, त्याला अपील म्हणावयाचे की पोचपावती?

हे सारे संपल्यावर न्यायाधिकरणाचे दार उघडते. २००७ साली संसदेने कायदा करून सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापिले व २००९ साली ते कामाला लागले. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांच्यासाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. सैनिकाला स्वस्तात आणि लवकर न्याय मिळावा, हा त्यामागचा हेतू. या न्यायाधिकरणात निवृत्त न्यायाधीशाच्या जोडीला निवृत्त सेनाधिकारी बसतो, म्हणजे लष्करी जीवनाची ज्याला पुरती माहिती आहे असा माणूस. अशा जाणत्या पीठाने सैनिकाच्या बाजूने निकाल दिला, तर त्यात वकिली चलाखीपेक्षा वस्तुस्थितीचा भाग अधिक असणार, एवढे तरी सरकारने मानावयास हवे होते.

आणि सरकारला मार्गदर्शनाची उणीव होती असे कोणीही म्हणू शकणार नाही. सिग्नल दलातील एका शिपायाच्या दाव्यात २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सारा विषय मुळापासून तपासला. हा माणूस १९८५ साली भरती झाला. नऊ वर्षांनी फेफऱ्यामुळे २० टक्के अपंग ठरवून त्याला घरी पाठविण्यात आले. आणि अर्थातच ते ‘उद्भवले नाही, बळावलेही नाही’ असे ठरले. भरतीच्या वेळी या रोगाची नोंद नव्हती आणि मंडळाने आपल्या मताची कारणे दिली नव्हती, तेव्हा नियमानेच जवानाचा हक्क सिद्ध होतो, असे न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पुढल्याच वर्षी, १० डिसेंबर २०१४ रोजी, दुसऱ्या एका निकालाने टक्केवारीचा प्रश्नही सुटला. अपंगत्व ५० टक्क्यांहून कमी असेल तर ते ५० धरावे, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यावर असेल तर १०० धरावे, असा नियम १९९६ पासून होता. तो केवळ मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांनाच लागू आहे, पूर्ण नोकरी करून अपंग अवस्थेत निवृत्त झालेल्यांना नाही, असा सरकारचा हट्ट होता. न्यायालयाने तो मोडून काढला व सरकारची शेकडो अपिले निकालात काढली. २०१५ च्या फेब्रुवारीत आणखी एक जुडगा तसाच फेटाळला गेला.

त्या वेळी संरक्षणमंत्रिपदी गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. त्यांना या कज्जेदलालीची लाज वाटली असावी. २०१५ साली त्यांनी सैनिकांच्या नोकरी व निवृत्तिवेतनविषयक तक्रारींचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिने अहवाल दिला. अपंग सैनिकांविरुद्धची नित्याची अपिले थांबवावीत, जो कायदा ठरून गेला आहे तो पुन्हा पुन्हा न्यायालयाच्या उंबऱ्यावर आपटू नये, हा त्यातील एक मुख्य सूर होता. पर्रीकर दिल्लीहून गोव्यास परतले, आणि अहवालाचा तो सूर, या प्रकरणापुरता तरी, दिल्लीच्या दफ्तरांत विरून गेला.

कारण पुढली हकीकत ऐकण्यासारखी आहे. न्यायाधिकरणात हरलेल्या सैनिकाने उच्च न्यायालयात जावे की नाही, हा मध्यंतरी मोठा वाद झाला. ‘जाऊ नये’ अशी सरकारची बाजू होती. ११ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बाजू उचलून धरली आणि उच्च न्यायालयांची दारे बंद झाली. उरले फक्त सर्वोच्च न्यायालय, आणि तेथेही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असेल तरच प्रवेश. माण तालुक्यातल्या सुभेदाराच्या पाठीच्या कण्यात सार्वजनिक महत्त्वाचा मुद्दा कोठून असणार? आठ वर्षे हे असे चालले. अखेरीस २१ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही दारे पुन्हा उघडली. उच्च न्यायालयाचा अधिकार हा घटनेने दिलेला आहे, तो असा काढून घेता येत नाही, असे सांगितले. याही दाव्यात सरकार दारे बंद ठेवण्याच्याच बाजूने उभे होते.

आणि दारे उघडताच त्यांतून झुंडीने आत शिरले कोण? तेच सरकार! जवानासाठी म्हणून उघडलेल्या दारातून संरक्षण मंत्रालयाचे अर्ज शेकड्यांनी उच्च न्यायालयात गेले. जे न्यायाधिकरणात जिंकले होते त्यांना पुन्हा वकील पाहावे लागले. २०२५ च्या जुलैत जे सुमारे ३०० अर्ज फेटाळले गेले ते या लोंढ्यातले. सैनिकाने उच्च न्यायालयात जाणे बरे नव्हे, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्यांनी स्वतःसाठी मात्र ती वाट राजमार्ग मानली, याला दुटप्पीपणाखेरीज दुसरे नाव आम्हांस तरी सुचत नाही.

या अर्जांत सरकारने काय मांडले, तेही पाहण्यासारखे आहे. २००८ साली नवे नियम झाले, त्यांत निरोगीपणाचे जुने गृहीतक उरले नाही, तेव्हा आता जवानानेच सिद्ध करावे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. उच्च न्यायालयाने त्यास उत्तर दिले की नियमांची भाषा बदलली तरी कारणे देण्याची वैद्यकीय मंडळाची जबाबदारी संपलेली नाही. रोग सेवेमुळे झाला नाही असे म्हणावयाचे असेल तर मग तो कशामुळे झाला, हे मंडळाने सांगितले पाहिजे. रोग शांततेच्या ठाण्यावर झाला एवढ्यावरून दावा उडविता येत नाही, हे तर त्याच न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये मधुमेह झालेल्या एका सुभेदाराच्या प्रकरणात आधीच सांगितले होते. बर्फातून वा वाळवंटातून काढलेल्या वर्षांचा हिशेब शरीर ठाणे बदलल्यावर मांडावयास बसते, हे ज्यांनी जवान पाहिले आहेत त्यांस समजावून सांगावे लागत नाही.

आता या साऱ्या युद्धामागे रक्कम किती असते ते पाहू. अपंगत्व १०० टक्के असेल तर त्याबद्दलचा अंश शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात कमी, असा २००६ पासूनचा हिशेब आहे. शेवटचा पगार ४०,००० रुपये असलेल्या जवानाचे अपंगत्व २० टक्के ठरले व ते नियमाप्रमाणे ५० टक्के धरले, तर त्याला महिन्याला ६,००० रुपये अधिक महागाईचा भत्ता मिळावयाचा. सहा हजार! एवढ्यासाठी एका बाजूला भारत सरकारचे वकील, आणि दुसऱ्या बाजूला गुडघे गेलेला, झटके येणारा, रात्री झोप न लागणारा एक माणूस. साताऱ्याहून मुंबईच्या पीठापुढे एका तारखेस यावयाचे म्हणजे प्रवास, मुक्काम, वकील, आणि बरोबर धरून आणणाऱ्या मुलाचा एक दिवसाचा खाडा. चार तारखांत दोन-तीन महिन्यांची ती रक्कम संपून जाते, आणि सरकारला नेमके हेच ठाऊक असते. ज्यांनी अपिलाचा नादच सोडला त्यांचा आकडा कोणत्याही निकालपत्रात येत नाही.

वेळ जातो त्याची किंमत निराळी. २००८ सालच्या एका निकालाने उशिरा आलेल्या दाव्यांतील थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच देण्याचा पायंडा पाडला, आणि त्यामुळे कित्येकांना हक्क मान्य होऊनही मधल्या दशकांचे पैसे मिळाले नाहीत. २२ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने ज्या जवानाला न्याय दिला, तो सियाचेनच्या हिमनदीवर तैनात असताना झटक्यांनी आजारी पडला व १९८९ साली नोकरीतून मोकळा झाला होता. १९८९ ते २०२५! या अवधीत देशाने किती पंतप्रधान पाहिले ते वाचकांनी मोजावे. कोणत्या पक्षाचे सरकार होते हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही, कारण दिल्लीत सरकारे बदलली तरी छापील तक्त्यातील ते वाक्य बदलले नाही.

सरकारच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे आहे, आणि ते आम्ही दडवू इच्छीत नाही. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा गैरफायदा घेतला जातो, विशेषतः वरच्या हुद्द्यांवरील काही मंडळी निवृत्तीच्या उंबरठ्यावर रक्तदाबाचा दाखला पुढे करतात, ही टीका बाहेरच्यांचीच नव्हे. खुद्द लष्करातूनही ती ऐकू येते. हिशेबतपासनीसांनीही या खर्चाकडे बोट दाखविले आहे. याच पार्श्वभूमीवर २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आणि ते पूर्वीपेक्षा कडक आहेत. प्रत्येक आजार सेवेमुळेच होतो असेही कोणी शहाणा म्हणणार नाही. रजेवर गावी असताना रस्त्यावर झालेल्या अपघातातील जायबंदीपणाचा सेवेशी काही संबंध नाही, म्हणून निवृत्तिवेतन नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला होता, आणि तो आम्हांस योग्यच वाटतो. वैद्यकीय मंडळाच्या मताला मान दिला पाहिजे, असे सांगणारेही निकाल आहेत.

परंतु मान मताला द्यावयाचा असतो, शिक्क्याला नव्हे. डॉक्टरने रोग्याचा इतिहास पाहून, त्याची ठाणी पाहून, दोन ओळी कारणे लिहून ‘नाही’ म्हटले तर ते मत झाले. कारणावाचून ‘नाही’ म्हटले तर तो शिक्का झाला, आणि न्यायालये रागावली आहेत ती या शिक्क्यावर. गैरफायदा घेणारा कर्नल असेल तर त्याचे कागद उघडावे, खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरला जाब विचारावा. त्याऐवजी दोन-चार लबाडांचे निमित्त करून हजार शिपायांना वाटेत अडवावयाचे, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार झाला. शिवाय लबाडी पकडण्याची जागा वैद्यकीय तपासणीची खोली ही आहे. तेथे हयगय करावयाची आणि मग उच्च न्यायालयात कडक व्हावयाचे, हा कोणता कारभार?

निवृत्तिवेतनावर इतका पैसा गेला तर तोफा-विमाने कशी घ्यावयाची, असाही एक पोक्त प्रश्न अधूनमधून विचारला जातो. आमचे उत्तर सोपे आहे. निवृत्तिवेतनाचे नियम महाग वाटत असतील तर संसदेपुढे जाऊन ते बदला, आणि बदल भरतीपूर्वी तरुणांना वाचून दाखवा. एक नियम दाखवून माणूस भरती करावयाचा आणि दुसऱ्याने त्याला वाटेला लावावयाचे, ही काटकसर नव्हे.

ज्यांच्या घरी असा नकाराचा कागद येऊन पडला आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी येथे लिहितो, कारण पुष्कळांना त्या वेळेवर कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे, वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची आणि भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रत मागून घ्यावी. सरळ मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली मागावी. भरतीच्या कागदांत रोगाची नोंद नसणे हाच जवानाचा सर्वांत मोठा साक्षीदार असतो. कोणत्या ठाण्यावर किती काळ होतो आणि पहिले लक्षण केव्हा दिसले, याची तारीखवार टिपणी आठवणी ताज्या असतानाच करून ठेवावी. अपिलाची सहा महिन्यांची मुदत चुकवू नये. चुकली असली तरी हातपाय गाळू नयेत, उशिराचे सबळ कारण दाखविल्यास न्यायाधिकरण ते माफ करू शकते. आणि अपिलाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर गप्प बसून वाट पाहण्याचे कारण नाही. त्यानंतर न्यायाधिकरणाकडे जाण्याची मोकळीक कायद्यानेच दिली आहे. नवरा हयात नसेल तर त्याच्या पत्नीनेही या कागदांची विचारपूस करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत. ध्वजदिन निधी जमविण्यात ती जी तडफ दाखवितात तिच्यातील थोडीशी नाकारलेल्या दाव्यांचे अर्ज लिहून देण्याकडे वळली, तर पुष्कळ घरांचा मोठा दुवा मिळेल. नकाराची पत्रे मराठी जवानाला मराठीत समजावून सांगणारा एक माणूस त्या कार्यालयात का असू नये?

संरक्षण मंत्रालयाकडून आम्हांस नवा कायदा नको, नवी समिती तर नकोच नको. २०१५ ची समिती पुरेशी आहे, २०१३ चा निकाल पुरेसा आहे. जो वैद्यकीय तक्ता कारणांवाचून येईल तो अभिलेख कार्यालयाने दावा फेटाळण्यासाठी वापरू नये; मंडळाकडे परत पाठवावा. पहिल्या अपिलाच्या समितीत, मूळ मंडळाशी ज्याचा संबंध नाही असा एक डॉक्टर असावा व मागणी केल्यास जवानाला समक्ष ऐकून घ्यावे. न्यायाधिकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या चौकटीत असेल तर त्याविरुद्ध वर जाऊ नये; जावयाचेच असेल तर त्या फायलीवर एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने आपल्या नावानिशी कारणे लिहावीत. सरकारने जबाबदार पक्षकारासारखे वागावे, असे राष्ट्रीय दावा धोरण २०१० साली कागदावर आले होते, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये कायदा मंत्रालयाने अनावश्यक दाव्यांना आळा घालण्याचे नवे निर्देशही काढले. ते निर्देश आणि संरक्षण मंत्रालयाचे हे अर्ज, दोन्ही एकाच सरकारच्या टपालातून गेले!

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. सैनिकांच्या सत्काराला ते हौसेने येतात, फेटे बांधून घेतात. त्यांच्यापैकी एकाने तरी पुढल्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना लेखी प्रश्न विचारावा: २१ मार्च २०२३ नंतर अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांत सरकारने देशभरच्या उच्च न्यायालयांत सैनिकांविरुद्ध किती अर्ज केले, त्यांतील किती जिंकले, वकिलांना किती रुपये दिले, आणि हरलेल्या प्रकरणांतील थकबाकी किती जवानांच्या खात्यांत प्रत्यक्ष जमा झाली? महाराष्ट्र आणि गोवा यांचे आकडे त्यांत वेगळे मागावेत, आणि उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाईपर्यंत प्रश्न मागे घेऊ नये.